किती विषयांत राहिलात?

अबे, त्या रोजगार मेळाव्याचं नावच नको काढू माह्यासमोर! घाटंजीवरून एसटीत उभ्या-उभ्या यवतमाळले गेलतो. घामाघूम होईपर्यंत लायनीत लागलो. अन् पुण्याच्या कंपनीची मॅडम इचारते, "सध्या काय करताय?"

म्हटलं, "एम.कॉम. करून राह्यलो, मॅडम."

तिचा चेहराच पडला. "अरेरे! किती विषयांत राहिलात?"

"एकाईत नाई. करून राह्यलो ना!"

"तेच विचारतेय. सगळं करून राहिलात कसे?"

"सगळं कुठं झालं? आता तं शिकून राह्यलो!"

"म्हणजे शिकूनही राहिलात." अन् बाजूच्या साहेबाले हळूच म्हणते, "प्रामाणिक आहे बिचारा."

माहं डोक्सं असं फिरलं! तरी दात-ओठ खाऊन शाळेतल्या पुस्तकावानी बोललो, "मॅडम, मी एम.कॉम. करत आहे. शेवटचं वर्ष आहे. एकही विषय राहिलेला नाही."

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. "मग असं नीट बोला ना! पण सॉरी, तुमचं बोलणं समजत नाही. आमचं काम फोनवरचं आहे."

"फोनवर कोणाशी बोलाचं?"

"तुमच्याच भागातल्या ग्राहकांशी. त्यांच्याच भाषेत."

आता बोल! म्या म्हटलं, "मॅडम, मंग ह्या परीक्षेत तं तुमीच राह्यल्या!"

तं ते बाई चष्मा काढून मलेच इचारते, "मी? मी कुठे राहिले?"