सत्तेचाळीस नंबरची खुर्ची

हॅलो? … हॅलो, ताई? … थांब, एक मिनिट थांब, आत आहे मी. इथे श्वास जोरात घेतला तरी लोक वळून बघतात. जिन्यात येतो. … हं. बोल आता.

… अभ्यासिकेत. आणखी कुठे असणार? … जेवलो. … कपभात, कोपऱ्यावरच्या गाडीवर. … उभ्यानेच, नोर्यांगजिनला सरकारी परीक्षावाले सगळे उभ्यानेच खातात. भर दुपारी हे विचारायला फोन केलास का? भाऊजींच्या औषधाच्या दुकानात आज गिऱ्हाईक नाही वाटतं.

… कोणी फोन केला?

… कुठल्या हॉस्पिटलमधून?

… अगं ऐक ना… ताई, ऐक, आधी ऐकून घे. त्या फॉर्मवर एक चौकट होती, जबाबदार नातेवाईक. ती भरल्याशिवाय काउंटरवरची बाई कागद पुढे सरकवेना. मी म्हटलं, एकतीस वर्षांचा आहे, माझा मी जबाबदार. ती म्हणाली, भूल द्यायची तर सोबत माणूस लागतो, नियम आहे. मग टाकला तुझा नंबर. मला काय माहीत ती खरंच लावेल. मला वाटलं, माणूस मेला तरच लावतात.

… पळून नाही आलो. चालत आलो. … बरं, न सांगता चालत आलो. … हो, तो झगा घडी करून खाटेवर ठेवला. पळणारा माणूस घड्या घालत बसतो का?

… कॅन्सर नाही. … ताई, रडतेस कशाला, नाही म्हणतो ना. … गळू आहे. जुनं. … पाठीला. … खाली. … अजून खाली. … माकडहाडावर, ताई. ढुंगणाच्या फटीत, वरच्या टोकाला. झालं समाधान?

… मूळव्याध नाही. मलाही तेच वाटलं होतं. मला सोड, डॉक्टरलाच वाटलं. आमच्या गल्लीत वह्यांची दुकानं दोन आणि मूळव्याधीचे दवाखाने सात. त्यातल्या एकाने पँट पुरती खालीही न सरकवता विचारलं, परीक्षेचे का? म्हटलं, हो. म्हणाला, बसून बसून झालीय, कोमट पाण्यात बसा. महिनाभर बसलो. खोलीत आडवं झालं की पाय दाराला लागतात माझे, तिथे तो टब ठेवून बसलो, मांडीवर प्रशासनाचा कायदा घेऊन. … हस. हसून घे. मीही हसलो असतो, दुसऱ्या कोणाचं ढुंगण असतं तर.

… केसामुळे. … हो, साधा अंगावरचा केस. घासून घासून कातडीत शिरतो म्हणे आणि आत घर करतो. मग पू होतो, पू वाट काढतो. आता तीन तोंडं झालीत. आतून भुयार आहे. त्यांनी बारीक सळई घालून बघितलं. … दुखलं का काय विचारतेस. … नको, भाऊजींना नको सांगूस. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, अशी गत. उद्या काउंटरवर उभे राहून अख्ख्या सुनचॉनला सांगतील.

… काय, पाजी आहेत म्हणून नव्हे, चांगले आहेत म्हणून सांगतील. तोच तर त्रास आहे.

… कधीपासून… सैन्यात होतो तेव्हापासून. … आठ वर्षं. … ओरडू नकोस ना, कानात वाजतं. दोन वर्षं ट्रक हाकला ना त्या डोंगरातल्या रस्त्यांवर. आपटून आपटून आलं. छावणीतल्या कंपाउंडरने ब्लेडने फोडलं, पट्टी मारली, म्हणाला, जा. सार्जंटने नाव ठेवलं, शेपूट. सुटेपर्यंत मला सगळी पलटण शेपूट म्हणत होती. रजेवर घरी आलो तेव्हा आई विचारत होती, बसत का नाहीस रे, आठवतं? मी म्हटलं, सैनिकाला उभं राहायची सवय असते. चार दिवस कौतुकाने शेजारणींना सांगत हिंडली बिचारी.

… हो. म्हणूनच नाही आलो नवीन वर्षाला. … अभ्यास वगैरे काही नव्हता. चार तास बसमध्ये बसवलं नसतं. … ठाऊक आहे मला आई किती रडली. बाबांच्या श्राद्धाच्या पानापुढे मुलगा वाकला नाही म्हणून. अगं, वाकायला मला काहीच होत नाही. दिवसभर वाकेन. बसायला होतं.

… एक सेकंद. … हो, सॉरी, हळू बोलतो. … नाही, तुला नाही, जिन्यातून एक जण खाली गेला.

… अचानक नाही गेलो हॉस्पिटलात. चिठ्ठीमुळे गेलो. … चिठ्ठी गं. इथे कोणी कोणाशी बोलत नाही, टेबलावर पिवळी चिठ्ठी चिकटवून जातात. पहिली आली, तुमच्या पानांचा आवाज होतो. ठीक. दुसरी, तुम्ही फार वेळा उठता. तिसरी, खुर्ची करकरते. अरे बाबा, एका कुल्ल्यावर तोलून बसलेल्या माणसाची खुर्ची करकरणारच. मागे उंच टेबलं आहेत, झोप येते त्यांनी उभं राहून वाचायला. दोनशे माणसांत पाच. तिथे जाऊन उभा राहिलो तर तिथेही चिठ्ठी, इतरांनाही संधी द्यावी. … हो ना, विनंतीच असते, खाली हसरा चेहरा काढलेला असतो.

… मग गेल्या सोमवारी आली ती.

… वाचू? पाकिटातच आहे. … "सत्तेचाळीस नंबर, आपल्या जागेवरून वास येतो. कृपया रोज अंघोळ करावी. सर्वांना यशासाठी शुभेच्छा."



… मी दोनदा अंघोळ करतो, ताई. या थंडीत. आणि पॅड लावतो. … पॅड म्हणजे पॅड. तुमचे. बायकांचे. नाहीतर पँट ओली होते. चौकातल्या दुकानातल्या मुलीला वाटतं मी फार प्रेमळ नवरा आहे. परवा म्हणाली, मोठे घ्या, एकावर एक फुकट आहे.

… आता तू हसतेस की रडतेस, कळू दे तरी.

… तर मग गेलो. मोठ्या डॉक्टरांनी नीट बघितलं, आज सकाळची वेळ दिली. झगा घातला, मनगटाला पट्टी बांधली, नावाची. … अजून आहे हातात. बाहीखाली लपवलीय. मग तो संमतीचा कागद आला आणि मी तो वाचला. हीच चूक केली. चार वर्षं कायदा वाचलेल्या माणसाला कागद द्यायचा नसतो.

… काय म्हणजे, कापून उघडंच ठेवणार. टाके घालत नाहीत, माझं दोनदा भरून पुन्हा फुटलंय म्हणून. तळापासून वर मांस भरत यायला हवं. सहा आठवडे, कदाचित आठ. तेवढे दिवस बसायचं नाही. आज फेब्रुवारीची सतरा. परीक्षा एप्रिलच्या पहिल्या शनिवारी. आता तूच मोज.

… परीक्षा महत्त्वाची की जीव, हे वाक्य मला नको ऐकवूस, ते ज्यांची नोकरी पक्की आहे तेच बोलतात. … तुला नाही बोललो. … बरं, तुलाच बोललो. चुकलं.

… ताई, क्लासच्या पहिल्या दिवशी मास्तरने फळ्यावर काय लिहिलं ठाऊक आहे? अभ्यास बुडाने होतो. डोकं सगळ्यांनाच आहे, जो उठत नाही तो पास होतो. तुझ्या वेळेलाही हेच सांगत होते ना? अख्खा देश हेच सांगतो. आई लहानपणी म्हणायची, या कार्ट्याचं बूड एका जागी टेकत नाही. टेकवलं ना मग. तेरा तेरा तास टेकवलं. चार वर्षं. बाजूचा पाण्याला उठला की मला आनंद व्हायचा, हा मागे पडला म्हणून. ही अक्कल. आणि ज्या गोष्टीने पास व्हायचं तीच सडली.

… नाही ओरडत.

… आणि दुसरं म्हणजे रोज पट्टी बदलायची. जखमेत आतपर्यंत भरायची, जुनी ओढून काढायची. मला माझं मला दिसतं का तिथलं? आरसा घेऊन बघितलं, मान अवघडली आणि आरसा फुटला. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, घरात कोण आहे? मी म्हटलं, घर म्हणजे खोली आहे, खोलीत मी आहे. … आई? एकतिसाव्या वर्षी आईपुढे पालथं पडू? … तू? … लहानपणी धुवायचीस ते वेगळं, ताई. तेव्हा केस नव्हते.

… हसू नकोस, सगळं केसामुळेच तर झालंय.

… नाही. ठरलंय माझं. परीक्षा होऊ दे, मग करतो. सात आठवडे काढीन. आठ वर्षं काढली. … ताप? … येतो मधूनमधून. … अडतीस. … कधी एकोणचाळीस. … गोळ्या घेतो. … मागच्या वर्षी एका प्रश्नाने गेलं ना, ताई. एका. यंदा नाही जाणार.

… काय म्हणालीस?

… मागच्या वर्षी दुखत नव्हतं.

… दुखत होतं, पण…

… तू हे आत्ता का काढतेस?

…

… ताई, तो एक प्रश्न नव्हता.

… नव्हता. मी खोटं सांगितलं. तुम्हा सगळ्यांना. एका प्रश्नाने गेलं म्हटलं की लोक हळहळतात, पुढच्या वर्षीचे पैसे द्यायला आई तयार होते. … अख्खं पान कोरं राहिलं, ताई. शेवटचं. सतरा प्रश्न. येत होते मला, निम्मे तरी येत होते. तासाभराने मी मांड्यांवर तोलून बसलो होतो, अर्धा उभा. देखरेखीवरचा माणूस आला, म्हणाला, नीट बसा. मी नीट बसलो. आणि ते फुटलं.

… आत. पँटमध्ये. गरम. सगळं खुर्चीवर आलं असणार असं वाटलं, खाली बघायची हिंमत नव्हती. मग मी हललोच नाही. पेन हातात धरून बसलो. वेळ संपली, पेपर गोळा केले, सगळे गेले, शेवटी तो माणूस म्हणाला, झालं, उठा आता. मी म्हटलं, तुम्ही आधी जा. … कोट कमरेला बांधून घरी आलो. मेट्रोत उभा राहून. आईला फोन केला आणि म्हटलं, एका प्रश्नाने गेलं.

… आहेस ना?

… शिव्या दे.

… हं. … हं. … कळतंय मला. यंदाही तेच होणार. मी काय मूर्ख आहे? कळतंय म्हणूनच तर जिन्यात उभा आहे ना, खुर्चीवर जात नाहीये.

… एक सेकंद, ताई, तो वर येतोय पुन्हा. … काय? … हो, फोनवर आहे, दिसतंय. … शेहेचाळीस ना तुम्ही? … मीच सत्तेचाळीस. थांबा, जाऊ नका. चिठ्ठी तुमची? … विचारतोय फक्त. अंघोळ करतो मी. पू आहे तो. पाठीत भोक आहे, त्यातून येतो. … नाही, संसर्ग नाही होत. खुर्चीने होतो. तुमचीही तीच खुर्ची आहे, सांभाळा.

… गेला. कॉफी सांडून गेला. … बोललो मग, काय करू? चार वर्षांत या इमारतीत मी पहिलं वाक्य बोललो आणि ते हे.

… बरं वाटलं. … हो, खरंच.

… चार वाजेपर्यंत. हॉस्पिटलातून तुलाही तेच सांगितलं? चारपर्यंत नातेवाईक घेऊन या, नाहीतर खाट दुसऱ्याला. … जून? … जूनला जिल्ह्याच्या नोकऱ्यांची परीक्षा असते. … ठाऊक आहे मला सुनचॉनलाही जागा निघतात. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे दाखले काढत बसायचं. … नाही, हलकं काम नाही म्हटलं मी. बसायचं आहे एवढंच म्हटलं. … पालथं पडून वाचता येतं, पण लक्षात राहतं का ते ठाऊक नाही. कोणी करून बघितलंय?

… शेवाळाचं सूप करू नकोस म्हणावं आईला. परीक्षेआधी खाल्लं की माणूस घसरतो, हे तिनेच शिकवलंय. … म्हणजे तिला सांगणारच का? … सांगितलंस? … कधी? … आणि ती काय म्हणाली?

… सगळ्या दुखण्यांवरचं तिचं ते काळं मलम पाठवतेय. अर्थात.

… ताई, मागे तो आवाज कसला? … दुकानात बाई कधीपासून स्टेशनांची नावं घ्यायला लागली? … ताई, कुठे आहेस तू?

… जॉन्जूच्या पुढे.

… म्हणजे त्या बाईंचा फोन आला आणि तू थेट… दुकान? … आणि भाऊजींना काय सांगितलंस? … सगळं? … म्हणजे बाईंनी तुला आधीच सगळं सांगितलं होतं, आणि तू माझ्याकडून वदवून घेत बसलीस. … भाऊजी काय म्हणाले? … गॉजच्या पट्ट्या. किती? … सहा खोके. हातमोजेसुद्धा. … नाही, हसत नाहीये. नाक वाहतंय, जिन्यात गार आहे.

… सव्वादोनला योंगसान. … नको, तू शोधत बसू नकोस, एकच स्टेशन आहे इथून, मी येतो. … हो. … हो, सही तू करायची, मी कागद पुन्हा वाचणार नाही. … खुर्चीचं? आत पुस्तकं आहेत, उशी आहे. राहू दे. शेहेचाळीसला वास पुरेल.

… ताई, ऐक ना. मला भीती वाटते. … कापण्याची नाही. … मला नुसतं बसायचंय गं. अभ्यासाला नाही. असंच. आईच्या ओसरीवर, पाय सोडून, टरबूज खात. किती वर्षं झाली… हॅलो? … ताई? … हॅलो? बोगदा आला वाटतं.

… हॅलो?

… हं, आला आवाज. … नाही, काही नाही, काही महत्त्वाचं नव्हतं. … निघतोच आहे. उठायचं कुठे आहे मला, उभाच आहे. ठेव.