काळभैरवापुढची शपथ

तुम्ही उज्जैनचे नाही म्हणून सांगतो, आमच्याकडे काळभैरवाला नैवेद्य दारूचा. आणि घरोघरी नुकतं केबल आलं त्या काळात आमच्या आईने अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, दारू सोडायची शपथ घ्यायला नेलं कुठे? तिथेच! नैवेद्याची बाटली आईच्याच पिशवीत.

"कडक देव आहे, धाकाने सुटेल," ती म्हणाली.

महिनाभर न प्यायलेल्या अण्णाने शपथ घेतली. पुजाऱ्याने अर्धी बाटली देवाला पाजली आणि उरलेली अण्णाच्या हातात दिली. "लो भैया, परसाद."

वास आला मात्र, अण्णाचे हात थरथरायला लागले. बाटली माझ्याकडे देऊन तो पायरीवर बसून रडला.

आईने त्याला तडक टावर चौकातल्या डॉक्टरांकडे नेलं. "देवासमोरसुद्धा याचं मन घट्ट राहत नाही!"

डॉक्टर म्हणाले, "काकू, कैरीची फोड, वर तिखट-मीठ. सुटलं तोंडाला पाणी?"

"सुटलं."

"आता शपथ घ्या आणि थांबवा."

आईने डोळे मिटले, ओठ दाबले आणि आवंढा गिळला.

"याच्या मेंदूने तो वास असाच पाठ केलाय. हा कमजोर नाही, आजारी आहे. औषध देतो, वेळ लागेल. वासापासून लांब ठेवा."

रिक्शात आई अण्णाचा हात धरून बसली. त्या डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. अण्णा आज नातवाला शाळेत सोडतो.

आई मात्र शेवटपर्यंत भैरवाला लांबूनच हात जोडायची, "देवा, आमच्या अण्णाच्या वाटची तूच घे रे बाबा."