जाळीत सापडलेली पेस्ट

मी, धम्मरत्न उकंडा मुनेश्वर, वय ४१ वर्षे, धंदा गाडी दुरुस्ती, रा. पांढरकवडा, ता. केळापूर, जि. यवतमाळ. आज दि. १४/०२/२०२५ रोजी दुपारी १.२० वाजता पोलीस स्टेशनला समक्ष हजर राहून सांगतो ते असे. मला खुर्ची दिली आहे, पण बसवत नाही, म्हणून उभ्यानेच सांगतो.

अमरसिंग राठोड हा माझा पंधरा वर्षांपासूनचा दोस्त. त्याच्या जुन्या डिझेल कारच्या क्रँकचे बेरिंग वाजत होते. ते मी बदलले, ऑइल पंप तपासला, इंजिनखालचे, तेल साठते ते ऑइल चेंबर बसवले आणि दि. ११ रोजी गाडी त्याच्या ताब्यात दिली.

आमच्याकडे गिऱ्हाईक गाडी नेताना आधी खाली वाकून पाहते. जमिनीवर तेलाचा एक थेंब दिसला की मेकॅनिक बोगस. म्हणून चेंबरच्या कडेला आम्ही सांधा बंद करायची, वाळून रबरासारखी होणारी पेस्ट सढळ हाताने लावतो. बाहेर आलेली बोटाने पुसतो. आत किती गेली ते कोण पाहतो? मीही पाहिले नाही.

दि. १२ रोजी सकाळी १०.१२ वाजता अमरसिंगचा फोन आला. तो आई रुपीबाई हिला डोळे दाखवायला केळापूरकडून पांढरकवड्याला आणत होता. म्हणाला, "धम्मा, तेलाचा लाइट लागून राह्यला. गाडी बाजूले घेऊ काय?" मी दुसऱ्या गाडीखाली होतो, चिडलो. म्हटले, "काही नाही होत बे, सेन्सरचा नखरा हाय. येऊ दे तशीच." दहा मिनिटांत इंजिन जाम होऊन गाडी हायवेच्या मधोमध थांबली. मागून ट्रकने धडक दिली. रुपीबाई जागीच मरण पावली. गाडी निष्काळजीपणे रस्त्यात उभी केली म्हणून अमरसिंगवर गुन्हा दाखल आहे.

काल माती झाल्यावर त्याने मला बाजूला नेले. म्हणाला, "फोनचं म्या कोठंच सांगतलं नाही. माय तं गेली. आता तुले कायले गुंतवू? तू बी बोलू नोको." मी मान हलवली. घरी जाऊन जेवलोसुद्धा. त्याची मला शरम वाटते.

आज ११.०० वाजता मला इथे आवारात बोलावून वाहन निरीक्षकांसमोर चेंबर खोलायला लावले. पंप ज्या जाळीतून तेल ओढतो ती पेस्टच्या तुकड्यांनी गच्च भरली होती. क्रँकला तेल पोचलेच नाही. मी घातलेले नवे बेरिंग जळून क्रँकला चिकटले होते. साहेबांनी विचारले, पेस्ट कोणी लावली? मी लावली. तेव्हापासून तीनदा हात धुतले.

अमरसिंगने गाडी उभी केली नाही. तो थांबायला तयार होता, मी थांबू दिले नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात त्यांनी माझा कळवळा येऊन, पेस्ट लावली तिथे 'नजरचुकीने' असा शब्द घातला होता, तो मी खोडायला लावला. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

सही/-