काकीचं मांजर आणि थंड डबा

सोलरमध्ये वीज कुठे वाया जाते विचारताय, तर मिठबावची काकी आठवली. मासे विकायची. पहाटे निघताना तिचा दिवा मंद व्हायचा, कारण पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारा जुना डबा, म्हणजे चार्ज कंट्रोलर, तापून बॅटरीत जायची वीज खायचा. मी नवा बसवला. तेवढ्याच उन्हात बॅटरीत जास्त करंट जाताना मीटरवर दाखवलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, "तुजो डबो मेलो!"

धावत गेलो. बॅटरी भरलेली.

"गो काकी, चालू आसा!"

"मगे थंड कित्याक? माजर तेच्यार बसना नाय."

"आधी ऊब वाया जायची, ती आता बॅटरीत जाता."

काकीने मांजराकडे बोट दाखवलं.

"वाया खंय रे? तेका गावायची. सगळी बॅटरीक नको, थोडी तेच्या वाट्याक ठेव."