नऊशे फोटो, एकही रेघ नाही

खोपटच्या एसटी स्टँडवर रांगेत माझ्यापुढे आत्या-भाची उभ्या होत्या. भाचीने मोबाइल बघितला आणि ती किंचाळलीच.

“आत्या, गेले! आपल्या बुद्धविहाराच्या संग्रहातले नऊशेच्या नऊशे फोटो वेबसाइटवर गेले!”

“अगं पायल, काल तर अकराच गेलेले. उद्या साइटचं उद्घाटन, मला झोप नाही.”

“ज्यांचं नाव एका शब्दाचं, तेवढेच गेलेले. साइट सांभाळणाऱ्या कुंडलिककाकांची ती जुनी पर्ल स्क्रिप्ट आहे ना, फोटो चढवणारा प्रोग्राम, तिला दोन शब्दांत मोकळी जागा दिसली की नाव संपलं असं वाटायचं. तू फोटोला दिलेलं ‘आई नळाच्या रांगेत कळवा’ हे नाव म्हणजे तिच्या लेखी चार वेगळ्या फायली.”

“आणि कुंडलिकदादा मलाच सुनावत होते. म्हणे, रंभा, मोकळ्या जागा काढ आणि तिथे आडव्या रेघा मार. नऊशे नावांत! दोन महिने बसून टाइप केलेत मी.”

“मी नावांना हातच नाही लावला. स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. आता ती नाव न तोडता पुढे देते.”

“म्हणजे माझी आई अख्खी गेली?”

“अख्खी. नळ, रांग, कळवा गाव, सगळ्यासकट.”

“लाव दादांना फोन. हॅलो, कुंडलिकदादा? रंभा बोलतेय. सगळे गेले. नाही, एकही रेघ नाही मारली. चूक तुमच्या स्क्रिप्टमध्ये होती, आमच्या पायलने काढली. आणि ऐका, अजून साठ फोटोंना नावं द्यायची राहिलीत. त्यांना मी आज याहून लांब नावं देणार आहे.”