मशीन थांबतं तिथं

सोलापूरच्या स्टँडावर सांगोल्याची फुलाबाई आणि पुण्याला संगणकावर काम करणारा तिचा भाचा मानसिंग माझ्या बाकावर बसले होते.

"मावशी, आमच्या मशीनला 'क्ष' असं नाव सांगितलं की त्या नावाचा आकडा ते आधी जवळच्या कप्प्यात हुडकतं. तितं न्हाय गावला तर बाहेरच्या कप्प्यात."

"मीबी माझ्या भावाला, भिमाला, तसंच हुडकलं की. घरात, वाडीत, मग तालुक्यात. दुष्काळात मेंढरं घिऊन गेला, दोन वर्सं झाली."

"कुटंच न्हाय गावलं, तर मशीन चूक सांगून थांबतं."

"थांबतं? त्याला भाऊ न्हाय वाटतं!"

ती उठली. "भिमाऽऽ!"

खोटं वाटेल, पण अक्कलकोटच्या गाडीतून 'ओ' देत तीन भिमा उतरले. तिसऱ्याच्या खांद्यावर कोकरू होतं.

"आक्के, वरडतीस कशाला? आलोय की."