सोपी सुटका

नाही हो विहीणबाई, जावईबापू इकडे फिरकलेच नाहीत. सकाळपासून मी दुकानातच आहे — हा ठोकळा, हा सत्तूर आणि मी. दिसल्याशिवाय राहिले असते का? बसा ना. त्या स्टुलावर नको, रक्त लागलंय — बकऱ्याचंच आहे, दचकता काय. बाकावर बसा. माझा हात चालूच राहील, एका गिऱ्हाइकाची तंगडी तोडायची राहिलीय.

लेक? वर माडीवर निजलीय, बाळ कुशीत. नाही, उठवणार नाही. बाळंत होऊन आठ दिवस झाले आणि तुम्ही आज उगवलात — तेही नातीसाठी नाही, मुलाला शोधायला. नात बघितलीत का तुम्ही? दवाखान्यात वजन सांगितलं तर माझा विश्वासच बसेना. घरी आणली तशी इथे ह्याच काट्यावर धुतलेलं फडकं घालून ठेवली — हसू येतंय का? मलाही वाटलं होतं हसू येईल. दोन किलोसुद्धा नाही हो. रविवारी एकेका घराला याहून जास्त मटण बांधून देते मी. मांड्यांवर कातडी लोंबतेय, रडायला तोंड उघडते तर आवाज फुटत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेवटच्या महिन्यांतच पोर अंगानं भरतं, नेमकं तेव्हाच हिच्या आईला उपाशी ठेवलं का कुणी? मी काय सांगू — उत्तर तुमच्या कमरेला लटकतंय म्हणून? तीच ना ती, फडताळाची किल्ली?

मी कोवळं मटण वेगळं काढून पाठवत होते तिला. जावईबापू हसत हसत न्यायचे. कुणाच्या पोटात गेलं ते त्यांची गालफडंच सांगतात. आणि हिनं एकदा चोरून अंडं उकडलं, तर तेच उकळतं पाणी तुम्ही तिच्या हातावर — बरं, सांडलं. सांडलं म्हणू. तुमचं आपलं एकच, जास्त खाल्लं की पोर मोठं होतं, मोठं पोर अडतं, बारीक पोराची सुटका सोपी. तुमची थोरली सून अडून गेली, माहीत आहे मला, रडलेही होते मी तिच्यासाठी. पण एक गेली म्हणून दुसरीला वाळवायची? आणि सोपी झाली का सुटका? अंगात जोर नाही तर कळ कुठून देणार बाई? ओढून काढलं पोर, ससा बिळातून ओढावा तसं.

एवढं करूनही आज सकाळी तुमचा लेक तिला न्यायला येतो, पाजत बसलेल्या बाईच्या झिंज्या धरतो आणि जिन्यावरून फरफटत — पोर माझ्या ओच्यात पडलं म्हणून, नाहीतर फरशीवर फुटलं असतं. मग काय करायचं मी? धार नाही वापरली, सत्तुराची पाठच घातली त्याच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला कळतो, तोच तर धंदा आहे —

काय? आला नव्हता म्हणाले खरी. म्हणाले असेन.

तो होय, तो धडधड आवाज मागच्या खोलीतला. बर्फाची खोली — आज बर्फ नाही, घाबरू नका, मरत नाही तो. झरोका आहे एक, त्यातून निघायला बघत असेल. नाही मावायचा. खाल्लेलं अंग आहे, मीच पाठवलेलं. किल्ली? ही काय, माझ्याही कमरेला आहे. हात मागे घ्या, विहीणबाई. मागे घ्या म्हटलं ना — मी तोडत असताना ठोकळ्यावर कुणी हात ठेवू नये.

पोलिसांना बोलवायचंय? बोलवा की. तो त्याचं मनगट दाखवेल, मी लेकीचा भाजलेला हात दाखवेन, आणि नातीला पुन्हा ह्या काट्यावर ठेवीन, सगळ्यांदेखत. पण त्या दोघी तुमच्या घरी परत यायच्या नाहीत, एवढं ऐकून जा.

आणि त्याची नका काळजी करू. झरोका आहे ना. थोडा वाळू दे. बारीक झाला की सुटका सोपी होते.

या आता. गिऱ्हाईक खोळंबलंय.